कान ओढले तरी व्हेरिओ वरच: उमरेड रोडकडच्या एका उड्डाणाचं प्रकरण

मार्चचा पहिला आठवडा, दुपारी दोनच्या पुढेमागे. पॅराग्लायडिंगचा पायलट जमिनीपासून सुमारे 1600 मीटरवर आहे आणि डोक्यावर ढगाचं बूड काळं पडत चाललंय. त्याने दोन्ही ‘कान’ ओढलेत, म्हणजे विंगची, डोक्यावरच्या कापडी पंखाची, दोन्ही टोकं दुमडून आत घेतली आहेत. तरीही व्हेरिओ (चढ-उताराचा वेग सांगणारं उपकरण) सेकंदाला दोन मीटर वर जात असल्याचं सांगत टिवटिवतोय. पुढच्या दहा मिनिटांत त्याला फुल बारवर, म्हणजे वेग वाढवायची पायाखालची दांडी पूर्ण दाबलेली असताना, कोलॅप्स आला, म्हणजे विंगचा एक भाग मिटला, विंगचं टोक दोऱ्यांत अडकलं, ते सुटलं, आणि गारपिटीच्या आधी तो एका कापणी झालेल्या गव्हाच्या वावरात उतरला. हाडं शाबूत राहिली.

या उड्डाणाचा व्हिडिओ पाहणारे कोलॅप्सवरच बोलतात. मला त्याच्या आधीची चार मिनिटं जास्त महत्त्वाची वाटतात, म्हणून सगळं क्रमाने मांडतो. त्या दिवशी मी मैदानावर नव्हतो. ट्रॅक लॉग (उपकरणाने ठेवलेली उड्डाणाची नोंद), हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि नंतर पायलट व विंचवरच्या (दोराने वर खेचणाऱ्या यंत्रावरच्या) मंडळींशी झालेलं बोलणं, एवढ्यावर हे लिहिलंय. पायलटची संमती आहे. नाव आणि शेताचा पत्ता गाळला आहे.

जागा आणि हवा

नागपूरचा पायलट शिकतो कामशेतला नाहीतर बीर-बिलिंगला, आणि घरी परतल्यावर त्याच्या वाट्याला सपाट वावरं येतात. उतार नाही म्हणून विंच. दोराच्या टोकाला पायलट, दुसऱ्या टोकाला ड्रम. साडेतीनशे-चारशे मीटरवर दोर सोडायचा आणि थर्मल, म्हणजे वर उठणाऱ्या तापलेल्या हवेचा खांब, शोधायचा. सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनेचा तळ असल्यामुळे शहराच्या जवळ हे जमत नाही. मैदान लांब असतं आणि परवानगीत उंचीची मर्यादा घातलेली असते. ही मर्यादा पुढे गोष्टीत येणार आहे.

मार्चमध्ये इथे थर्मलला तोटा नसतो. नांगरलेली काळी कोरडी जमीन, विटांच्या भट्ट्या, गावातली पत्र्याची छपरं, उमरेडच्या उघड्या कोळसा खाणी, सगळीकडून हवा सुटते. एरवी ती कोरडी असल्याने ढग फार वर बनतात, कधी बनतच नाहीत. मात्र बंगालच्या उपसागराकडून दमटपणा आला की चित्र बदलतं. फेब्रुवारी-मार्चमधली विदर्भातली गारपीट शेतकऱ्याला सांगायला नको.

त्या दिवशी दमटपणा दोन दिवसांपासून मुरत होता. दुपारी तापमान 34 अंश आणि दवबिंदू 19. दोन्हींमधला फरक 125 ने गुणला की ढगाच्या बुडाची उंची मीटरमध्ये ढोबळमानाने मिळते. इथे ती 1900 च्या आसपास येते. सोनेगावच्या वेधशाळेतून पहाटे साडेपाचच्या सुमारास फुगा सुटतो. त्याच्या आलेखात वरच्या थरात हवेला अडवणारं झाकण नव्हतं, म्हणजे दुपारी तयार झालेला ढग मध्येच थांबण्याचं कारण नव्हतं. विंचवाल्यांनी हे पाहिलं होतं आणि दोन वाजता पुल (विंचने वर खेचणं) बंद करायचे ठरवलं होतं. पायलटने शेवटच्या काही पुलांपैकी एक घेतला.

आता या ‘दोन वाजता बंद’बद्दल. घड्याळ लावून थांबण्यात एक गोम आहे: पावणेदोनला सुटलेला माणूस दोनला जमिनीवर नसतो, तो दोनला वर असतो. पुल कधी बंद करायचे यापेक्षा शेवटचा माणूस कधी उतरलेला हवा, हे ठरवायला हवं होतं.

1:42 ते 2:00

दोर 380 मीटरवर सुटला. विंग सुरक्षेच्या प्रतवारीत बी वर्गाची, दोन वर्षं वापरलेली. पायलट मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणारा, साठेक तास उडालेला. हिमाचलातल्या बिलासपूरच्या गोविंदसागर जलाशयावर एसआयव्ही केलेली, म्हणजे पाण्यावर मुद्दाम कोलॅप्स आणि स्पायरल (घट्ट गोल फिरत वेगाने खाली येणं) करून शिकण्याचा वर्ग. तिथे बारवरचा कोलॅप्स मात्र केलेला नव्हता.

थर्मल सेकंदाला दोन-तीन मीटरचा. मध्ये एकदा निसटला, पुन्हा सापडला. वरचा वारा पश्चिमेचा असल्याने वर चढता चढता तो मैदानापासून पूर्वेला सरकत गेला. दोनच्या तोंडावर 1400 मीटर. इथून लॉगमधली रेघ बदलते. आधी दातेरी होती, ती एकदम गुळगुळीत होते आणि व्हेरिओ चार-पाचवर स्थिर होतो. थर्मल रुंद झाला, धक्के थांबले. “लई मजा येऊन राहिली होती,” हे त्याचं नंतरचं वाक्य.

ढगाखाली लिफ्ट (वर जाणारी हवा) रुंद आणि मऊ होणं हीच धोक्याची खूण. खालून धक्के देत येणारा थर्मल जमिनीच्या उष्णतेचा असतो. बुडाजवळ वाढत जाणारी मऊ लिफ्ट ढगाची स्वतःची असते: आत वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, ढग आणखी वर उठतो आणि खालची हवा ओढून घेतो. ही ओढ कुठवर जाऊ शकते, हे 2007 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या मनिलाजवळ दिसलं. एवा विश्निएर्स्का ही जर्मन पायलट वादळी ढगात 9946 मीटरपर्यंत ओढली गेली. बेशुद्ध झाली, बर्फाने माखली आणि तरी वाचली. त्याच वादळात सापडलेले चिनी पायलट हे झोंगपिन वाचले नाहीत.

दोन वाजता खालून रेडिओ आला: “भाऊ, वरचा ढग काळा पडून राहिला. दक्षिणेकडं निघ ना.” पायलटने वर पाहिलं, उंची पाहिली. ढगाचं बूड 1900 वर, आपण 1400 वर, म्हणजे पाचशे मीटर हातात, असा हिशेब त्याने केला. पाचच्या लिफ्टमध्ये पाचशे मीटर म्हणजे शंभर सेकंद. उंची मीटरमध्ये मोजली की ऐसपैस वाटते, सेकंदांत मोजली की नाही.

2:00 ते 2:04

लॉग सांगतो की त्यानंतर त्याने आणखी एक पूर्ण चक्कर मारली. मग सरळ झाला, पण नाक दक्षिणेला नव्हतं. ते पश्चिमेला होतं, आपल्या मैदानाकडे. आणि ढगाचा सर्वांत काळा भाग बरोबर त्याच वाटेवर होता.

का? मी विचारलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितलं: गाडी तिकडे, माणसं तिकडे, पाण्याची बाटली तिकडे. डोंगरावरून उडणाऱ्याला लँडिंगची जागा ठरलेली असते, ती डोक्यात बसते. इथे चहूबाजूंना मोकळी वावरं होती. पूर्वेला कऱ्हांडलाच्या जंगलाकडे वाहत जाणं तेवढं टाळायचं, बाकी कुठेही उतरता आलं असतं. सपाट मुलखाने दिलेली एवढी मोठी सवलत घराच्या ओढीने वाया गेली.

दुसरं कारण परवानगीची उंची. ती ओलांडली जाईल हे त्याच्या डोक्यात होतं आणि त्यामुळे मनात एकच आज्ञा घुमत राहिली: खाली. खाली म्हणजे कान, हे शिकवलेलं. म्हणून 1520 मीटरवर त्याने दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या ए-दोऱ्या (पुढच्या रांगेतल्या) ओढल्या.

कान ओढल्याने काय मिळतं, ते नीट पाहू. साध्या उड्डाणात विंग सेकंदाला सुमारे एक-सव्वा मीटर खाली येते. कान ओढले की अडीच-तीन. विंगचं क्षेत्रफळ घटतं, वजन तेवढंच राहतं, पण दुमडलेली टोकं हवेत अडथळा करतात, त्यामुळे पुढचा वेग वाढत नाही; उलट थोडा कमी होतो आणि विंगचा हवेशी कोन वाढतो. त्यामुळेच कान ओढल्यावर स्पीड बार दाबायला सांगतात. बारने कोन पुन्हा कमी होतो, वेग मिळतो आणि खाली येणंही थोडं वाढतं. याने बार दाबला नाही.

पाचची लिफ्ट, वजा तीन. उरले दोन, तेही वरच्या दिशेने. शंभर सेकंदांत तो 1520 वरून 1720 वर गेला, आणि त्या वेळात जेवढं अंतर कापायला हवं होतं त्याहून कमी कापलं.

दुसरं काही करता आलं असतं का? स्पायरलने सेकंदाला दहा-बारा मीटर मिळतात, म्हणजे पाचच्या लिफ्टमधूनही खाली येता आलं असतं. पण स्पायरल एकाच जागी फिरतो. तो लिफ्टच्या खांबातून बाहेर काढत नाही, आणि घाईने सोडला तर साठलेल्या वेगाने विंग वर उसळते. काळ्या बुडाखाली ते नको. बी-लाइन स्टॉलमध्ये (दोऱ्यांची दुसरी रांग ओढून विंगवरचा हवेचा प्रवाह मोडणं) सहा ते आठ मीटर मिळतात, पण पुढचा वेग जवळजवळ शून्य होतो. वारा नेईल तिकडे जायचं. पुस्तकं खाली येण्याच्या या तिन्ही पद्धतींची यादी एकाच पानावर करतात. त्यातून असा समज होतो की त्या एकाच कामाच्या लहान-मोठ्या पायऱ्या आहेत.

आता दुसरा हिशेब. दोन वाजता, रेडिओ आला त्या क्षणी, अर्धा बार दाबून दक्षिणेला निघाला असता तर ताशी 45 किलोमीटर, म्हणजे चार मिनिटांत तीन किलोमीटर. ती लिफ्ट नंतरच्या लॉगवरून दीडेक किलोमीटर रुंद दिसते. वाटेत तो शे-दोनशे मीटर वर गेला असता, परवानगीची मर्यादाही कदाचित ओलांडली असती, पण ढगाखालून बाहेर पडून सावकाश उतरला असता. जोरदार लिफ्टमधून खाली येण्याची पहिली पद्धत आडवं पळणं ही आहे. बाकी सगळं त्यानंतर, लिफ्टबाहेर.

2:05: कोलॅप्स

1720 वर ढगाचे पहिले धागे बाजूने जायला लागले तेव्हा त्याने कान सोडले, दक्षिणेला वळला आणि बार पूर्ण दाबला. निर्णय उशिरा आला, पण योग्य होता. लिफ्टची कड जवळ आली. वर जाणाऱ्या पाचच्या हवेशेजारी खाली जाणारी हवा असते, आणि या दोन्हींच्या सीमेवर विंगला वरून थाप बसते. फुल बारवर विंगचा हवेशी कोन आधीच सर्वांत कमी असतो. त्यात हवा वरून आली की पुढची कड आत वळते. डाव्या बाजूची निम्म्याहून जास्त विंग एका झटक्यात गेली.

चित्रणातला पुढचा भाग मी फ्रेम-फ्रेम पाहिला. कॅमेरा वर वळतो तेव्हा डावीकडच्या कापडाचा चुरगळा दिसतो आणि दोऱ्या ढिल्या पडून लोंबतात. मग डोकं खाली येतं आणि चौकटीत त्याचे दोन्ही बूट येतात: बारवर ताठ, गुडघे सरळ. जवळपास दीड सेकंद ते तसेच आहेत. खालून कोणीतरी ओरडतं, “बार सोड, बार सोड!” पण तोवर विंगने अर्धा वळसा घेतलाय. रेडिओवरून कोलॅप्स हाताळता येत नाही. खालचा माणूस पाहील, समजेल, बटण दाबेल आणि बोलेल, तोवर जे व्हायचं ते होऊन जातं.

फुल बारवर कोलॅप्स आला तर पहिलं काम पायांचं, हातांचं नंतर. बार सुटला की कोन परत येतो आणि विंगला उघडायला जागा मिळते. हे त्याला माहीत होतं. पण भीतीने माणूस पाय ताणतो; पाय ताणले की बार दाबलेलाच राहतो. जमिनीवर हार्नेस टांगून, डोळे मिटून, कोणीतरी अचानक एक रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारा पट्टा) खेचला की पाय मागे घेण्याचा सराव करता येतो. फुकटात होणारी आणि क्वचितच केली जाणारी गोष्ट.

बार सुटला. आता डावीकडे पडणारी विंग सावरायला त्याने उजवा ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) ओढला, आणि जरा जास्तच. उरलेली अर्धी विंग सगळं वजन पेलत होती. तिचा स्टॉलचा, म्हणजे उडायचं थांबण्याचा, बिंदू नेहमीपेक्षा बराच आधी येतो. एरवी जेवढा ब्रेक साधा वळसा देतो, तेवढाच इथे उघडी बाजूही पाडू शकतो. ब्रेक हाताला अचानक सैल लागला आणि उजवी बाजू मागे सरकू लागली. इथे त्याच्या एसआयव्हीचे पैसे वसूल झाले, कारण तो थांबला नाही, ओढतही राहिला नाही. हात वर नेले. विंग पुढे झेपावली, त्याने ती झेप ब्रेकने अडवली. डावी बाजू उघडली, फक्त टोक सोडून. ते दोऱ्यांमधून निघून अडकलं होतं. याला क्रॅव्हॅट म्हणतात.

अडकलेलं टोक त्या बाजूला ओढत राहतं. काही केलं नाही तर एक-दोन वळशांत त्याचा स्पायरल होतो, आणि स्पायरलमध्ये हात जड होतात. म्हणून आधी दिशा, मग टोक. त्याने वजन उजवीकडे टाकलं, ढुंगण हार्नेसच्या उजव्या कडेवर, आणि थोड्या उजव्या ब्रेकने फिरणं धरून ठेवलं. पूर्ण थांबलं नाही, पण वाढलंही नाही. मग डावीकडची स्टॅबिलोची दोरी शोधली. ही सर्वांत बाहेरची, टोकाला जाणारी दोरी; त्याच्या विंगवर ती वेगळ्या रंगाची होती आणि म्हणूनच सापडली. ती हात-हात करून खाली खेचली. पहिल्या दोन ओढींत काही नाही. तिसऱ्या ओढीला कापड ‘फट्’ करून सुटलं. हा आवाज चित्रणात आहे.

उंची 1310. या सगळ्यात चारशे मीटर गेले.

रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) टाकायला हवा होता का, हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो. नाही, कारण फिरणं ताब्यात होतं आणि खाली तेराशे मीटर होते. हेच तीनशे मीटरवर झालं असतं तर स्टॅबिलोच्या भानगडीत न पडता हँडल ओढायचं. रिझर्व्हखाली माणूस सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास उतरतो, म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यासारखं. घोटा जाऊ शकतो. क्रॅव्हॅटसह जमिनीवर गेलं तर काय जाईल हे सांगायची गरज नाही.

2:08 ते 2:13

आता तो लिफ्टबाहेर होता, आणि इथे पहिल्यांदा खाली येण्याच्या पद्धतींची खरी गरज पडली. पश्चिमेला जमिनीवर धुळीची भिंत उठलेली विंचवाल्यांनी पाहिली. पावसाबरोबर ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीला आपटून पसरते. तिची ती आघाडी. ती गाठायच्या आत पाय जमिनीवर हवेत.

साध्या वेगाने 1200 मीटर उतरायला सोळा-सतरा मिनिटं. कान आणि अर्धा बार असेल तर सहाच्या आत. स्पायरलने त्याहून कितीतरी कमी. त्याने आधी वर पाहून दोऱ्या तपासल्या, मग 1200 ते 550 पर्यंत स्पायरल केला. सेकंदाला दहा मीटर, पासष्ट सेकंद. वळसा हळूहळू उघडत बाहेर आला, उसळी दिली नाही. तिथून कान आणि अर्धा बार, दीडशे मीटरपर्यंत.

नुकताच क्रॅव्हॅट सुटलेल्या विंगवर, हादरलेल्या माणसाने स्पायरल करावा का, यावर आमच्यात एकमत नाही. एका मताप्रमाणे कान पुरेसे होते. स्पायरलमध्ये वजन अडीच-तीन पट भासतं, चक्कर येते, आणि घाबरलेला माणूस बाहेर पडायला चुकतो. मी पायलटच्या बाजूने आहे. आघाडी किती वेळात येईल हे त्याला माहीत नव्हतं, स्पायरल त्याचा सरावातला होता आणि त्याने तो पाचशेवर सोडला. मात्र स्पायरल कधीच न शिकलेल्याने इथे तो पहिल्यांदा करून पाहू नये, याबाबत वाद नाही.

उतरताना वारा ताशी पंचवीसचा झाला होता. पाय टेकताच त्याने वळून मागचे रायझर खेचले, तरी विंगने त्याला धुऱ्यापलीकडे शेजारच्या पऱ्हाटीत ओढत नेलं. काड्यांनी दोन कप्पे फाटले. धुऱ्यावर बसलेले शेतकरी धावत आले, कापडावर उभे राहिले आणि म्हणाले, “लागलं तं नाही ना बाबू?” सहा मिनिटांनी आघाडी आली, आणि अडीचच्या पुढे गारा.

नंतर

रेडिओबद्दल एक तक्रार नोंदवायला हवी. 2:02 ला दोघं जण एकाच वेळी बोलत होते: एक “कान ओढ”, दुसरा “बाजूला निघ”. पायलटला पहिलं ऐकू आलं. आता मैदानावर हवेतल्या माणसाशी एकच जण बोलतो, आणि तो आधी दिशा सांगतो, पद्धत नंतर. दमट दिवसांत शेवटचा माणूस किती वाजता खाली हवा ते सकाळीच फळ्यावर लिहितात आणि शेवटचा पुल त्याच्या तासभर आधी. आणखी एक: उड्डाणाआधी प्रत्येकाला ‘मैदान सोडून कुठे उतरशील’ असं विचारतात. बहुतेकांना उत्तर देताना थोडा विचार करावा लागतो.

विंग दुरुस्तीला गेली. फाटलेले कप्पे शिवून आले, पण डाव्या बाजूच्या दोन दोऱ्या मापात ताणलेल्या निघाल्या, त्या बदलाव्या लागल्या. पऱ्हाटीतून ओढत नेलं होतं म्हणून रिझर्व्हही उघडून पुन्हा पॅक केला. पायलट पुढच्या हंगामात गोविंदसागरला पुन्हा जाणार आहे. या वेळी बारवरचा कोलॅप्स करायला.